माळ्यावर सापडल्या ११ फ्लॉप्या. तुमच्या जुन्या कंप्युटरने तुम्हाला कसं रडवलं, सांगा

तापीकाठची
कानबाई देवी बसवायची म्हणून घर रंगवायला काढलंय. काल माळा रिकामा करताना बिस्किटाचा पत्र्याचा डबा हाती लागला, हलवला तर आत खडखड. उघडून बघते तर फ्लॉप्या, जुन्या कंप्युटरच्या फाइली ठेवायच्या चकत्या. साडेतीन इंची, नऊ काळ्या दोन निळ्या. प्रत्येकीवर आईच्या अक्षरात लेबल, 'अ ते औ', 'नाती', 'शेत व अवजारे', 'स्वयंपाक १', 'स्वयंपाक २', 'शिव्या (वेगळे ठेवणे)'. मी तिथंच शिडीवर बसून राहिले.

आई शिरपूर तालुक्यात प्राथमिक शिक्षिका होती. निंदणीला आलेल्या बायांकडून, आजीकडून, गाडीत शेजारी बसलेल्या कोणाकडूनही अहिराणी शब्द गोळा करायची आणि वहीत लिहायची. १९९८ साली बाबांनी सेकंडहॅंड कंप्युटर आणला तेव्हापासून दर रविवारी टाइप करायला बसायची. तो कंप्युटर म्हणजे अर्ध्या तासानं हँग होणार म्हणजे होणारच. बाण जागेवर थिजायचा. मग आई मॉनिटरच्या डोक्यावर तळहात ठेवून बघायची, आम्हाला ताप आला की कपाळावर ठेवायची तसाच. "तापलाय गं, थांब जरा" म्हणायची आणि पंखा त्याच्याकडे फिरवायची. मे महिन्यात आम्ही घामानं भिजलेलो आणि पंखा कंप्युटरला! लाइट गेली की तेवढ्यातलं टाइप केलेलं सगळं जायचं म्हणून एक शब्द झाला की सेव्ह, एक शब्द झाला की सेव्ह, असं चार वर्षं.

आई जाऊन चार वर्षं झाली. वह्या भाड्याच्या घरात वाळवीनं खाल्ल्या, म्हणजे जे काय उरलंय ते या डब्यात आहे आणि मला ते उघडता येत नाहीये. लॅपटॉपला फ्लॉपीची जागाच नाही. रात्रभर झोप नाही लागली, त्या मशीनचा इतका राग आला इतका राग आला की आता सगळ्यांनी आपापलं सांगा म्हणजे मला बरं वाटेल. आणि कोणाला काही मार्ग माहीत असेल तर तोही सांगा.

गल्ली_नंबर_चार
खोडरबर!!! धुळ्यात आमच्या गल्लीत कंप्युटर चालू नाही झाला की पहिलं औषध खोडरबर. कॅबिनेट उघडायचं, रॅमची पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबरनं घासायचे, फुंकर मारायची, परत 'टक' आवाज येईपर्यंत दाबायची, आणि देवाचं नाव घेऊन बटण. लांब बीप आली म्हणजे अजून घासा, एकच छोटी बीप आली म्हणजे जमलं. दहावीच्या वर्षी कंपासपेटीतलं खोडरबर पेपरपेक्षा रॅमवर जास्त झिजलं. ताई आईंचं वाचून डोळ्यात पाणी आलं, पंखा फिरवणारी माय..

शहाद्याची_सून
शिव्या वेगळ्या ठेवल्या होत्या 😄 किती गोड. कानबाईच्या नैवेद्याचे रोट तुमच्याकडे घरातल्या माणसांच्या मोजणीनं करता का हो? आमच्या सासरी प्रत्येक पुरुषामागं सव्वा मूठ गहू न् हरभऱ्याची डाळ. माहेरी जरा वेगळं होतं म्हणून विचारतेय. फ्लॉपीचं मला काही कळत नाही.

तापीकाठची
हो सव्वा मूठच. यंदा भाचा धरून नऊ जण.

जिनिंगवाला
आमचा त्रास वेगळाच, तो बाकी कोणाला समजणार नाही. कापसाची जिनिंग आहे, रुई न् सरकी वेगळी करायची गिरणी. सीझनमधी हवेतच रुई उडते, नाकात कानात चहात सगळीकडे, तर कंप्युटर कसा सुटेल? पंख्यांमुळे बाहेरची हवा आत ओढली जाते आणि हवेसोबत रुई येते, प्रोसेसरवर जे अल्युमिनियमच्या पात्यांचं हीटसिंक असतं त्या फटींमधी ती अशी गच्च बसायची की उघडल्यावर हाताएवढी वातच निघायची. दिवाळीत पणतीला लावता येईल इतकी स्वच्छ वात, खरंच सांगतो. हवा खेळली नाही की प्रोसेसर तापतो आणि आपोआप बंद होतो. गेटवर गाड्यांची रांग, शेतकरी पहाटेपासून बैलगाडी जुंपून आलेला, आणि आमचं पेमेंटचं मशीन थंड व्हायची वाट बघू राहिलो. वडील म्हणायचे, लिही रे वहीत, त्या डब्याच्या भरवशावर माणसं उभी नको ठेवू. मग मी रोज सकाळी सायकलच्या पंपानं हवा मारायचो. तेव्हापासून आजपर्यंत आमच्याकडे वही आणि कंप्युटर दोन्ही चालतं.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मात्र अजून आहे, भुईकाट्यावर. लोक हसतात, हे काय जुनं ठेवलंय. पण त्याच्या पिना कागदावर ठोकतात ना, त्यामुळे कार्बन लावून एका ठोक्यात तीन प्रती निघतात, एक गाडीवाल्याला एक शेतकऱ्याला एक आपल्याला, तिन्हीवर वजन तेच. लेझरला ते नाही जमत. रिबन सुकली की स्टँपपॅडची शाई सोडायची न् परत चालू. त्याचा किर्रर्र किर्रर्र आवाज आला की आमच्या मातोश्री समजतात गाडी आली, चहा ठेवा.

वरणबट्टी
त्या प्रिंटरच्या कागदाच्या दोन्ही बाजूच्या भोकांच्या पट्ट्या!! फाडायला काय मज्जा यायची. आम्ही बहिणी त्याच्या वेण्या करायचो.

भुसावळ_जंक्शन
आमचं मुख्य दुखणं लाइट. गाव औष्णिक केंद्राच्या शेजारी, दीपनगरच्या चिमण्या गच्चीवरून दिसतात, आणि २००५-०६ च्या सुमाराला आमच्याकडेच रोज कितीतरी तास लोडशेडिंग. मी तेव्हा एका व्यापाऱ्याकडे टॅलीवर हिशेब करायचो. यूपीएसची बॅटरी मेलेली, कागदोपत्री पंधरा मिनिटं आणि खरी चाळीस सेकंद. पहिली 'टीं' वाजली की हातातला चहा टाकून कंट्रोल ए, एस्केप, एस्केप, एस्केप, शटडाऊन, आणि विंडोज निवांत म्हणतंय सेटिंग सेव्ह करतोय. ३१ मार्चला रात्री साडेदहाला गेली. परत आल्यावर डेटा उघडेना. कंट्रोल ऑल्ट आर, रीराइट, पडद्यावर आकडे सरकू राहिले आणि मी, शेठ, हमाल आम्ही चौघं जण हात जोडून उभे. बावीस व्हाउचर सोडून सगळं आलं. ती बावीस परत टाकली आणि पहाटे घरी गेलो, बायको जागी होती. त्या रात्रीबद्दल मला अजून वाईट वाटतं, मुलगी तीन महिन्यांची होती.

अजून एक, अर्थिंग. उन्हाळ्यात आपल्याकडची जमीन कोरडी ठक्क पडते, अर्थिंगचा खड्डा सुकला की कॅबिनेटला हात लावला की झणझण. मग वायरमन सांगायचा मीठ न् कोळसा टाका, रोज एक बादली पाणी ओता. प्यायला पाणी आठ दिवसांनी येतंय आणि आपण कंप्युटरसाठी एक बादली खड्ड्यात ओतू राहिलो. शेजारची आजी बघायची न् काही बोलायची नाही, ते न बोलणंच जास्त लागायचं.

गल्ली_नंबर_चार
दादा ते आजीचं वाचून थांबलो जरा.

केळीबाग
रावेर. एमएस्सीचा प्रोजेक्ट २००१. घरी कंप्युटर नाही, गावात एकाच क्लासमधी तासावर पैसे देऊन टाइप केला, फ्लॉपीत घेतला, फ्लॉपी डब्यात, डबा पिशवीत, पिशवी मांडीवर. सावदा, फैजपूर, भुसावळ करत एसटीनं जळगाव, तिथून दुसरी गाडी धरून गिरणेच्या पुलापलीकडे बांभोरीला विद्यापीठ. बाहेरच्या दुकानात प्रिंट काढायला फ्लॉपी टाकली. खर्रर्र, खट खट, खर्रर्र. डिस्क फॉरमॅट केलेली नाही, फॉरमॅट करू का? दुकानवाल्या पोरानं दुसऱ्या मशीनमधी टाकली, तिसऱ्या मशीनमधी टाकली. तेच. बाहेर येऊन कडुलिंबाखाली बसलो. घरून आईनं कळण्याची भाकर न् ठेचा दिला होता तो तसाच राहिला. परत रावेर, परत ८४ पानं. त्यानंतर कायम तीन फ्लॉप्या नेल्या, दोन पिशवीत एक खिशात. आता मुलगी म्हणते पप्पा फोटो क्लाउडवर असतात, तरी मी पेनड्राइव्हमधी घेतो, मग दुसऱ्या पेनड्राइव्हमधी घेतो. ती भीती नाही जात.

मुक्काम_पुणे
एका फ्लॉपीत १.४४ एमबी. आज माझ्या फोनमधला एक फोटो दोन फ्लॉप्यांत मावणार नाही.

जुना_फॉक्सप्रो
ताई, आधी एक करा. त्या फ्लॉप्या घाईघाईत कुठल्याही ड्राइव्हमधी टाकू नका. धातूची सरकपट्टी बोटानं बाजूला करा, आतली तपकिरी चकती मधल्या चाकानं हळू फिरवत उजेडात तिरपी धरून बघा. पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी. तशी फ्लॉपी फिरवली की बुरशी ड्राइव्हच्या हेडला चिकटते, आणि नंतर टाकलेली चांगली फ्लॉपीसुद्धा खरवडून निघते. केळीबागवाल्या भाऊंच्या फ्लॉपीचं दुकानात काय झालं असेल त्याचा अंदाज येतो मला, घाण हेडवर तीन तीन वेळा फिरवली. कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं करून ठेवा म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. फॉरमॅट करू का विचारलं तर नाही, नाही, नाही.

माझ्याकडे यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह आहे, चाळीसगावला. आधी पूर्ण चकतीची नक्कल काढायची, दोन बाजू, ८० ट्रॅक, १८ सेक्टर, ५१२ बाइट, म्हणजे १४,७४,५६० बाइट, आणि मग पुढचं सगळं त्या नकलेवर करायचं. मूळ फ्लॉपीला परत हात नाही लावायचा.

पण खरी अडचण त्यापुढे आहे ती आत्ताच सांगतो म्हणजे नंतर जीव नको तुटायला. आईंनी १९९८ ला टाइप केलं म्हणजे युनिकोड नाही, आता फोनवर मराठी सगळीकडे एकाच पद्धतीनं साठवतात ते. त्या वेळच्या मराठी फॉन्टमधी मराठी अक्षर असं साठवलेलं नसायचंच. इंग्रजी अक्षराच्या खणात मराठी आकार बसवलेला असायचा. फॉन्ट असला तर मराठी दिसतं, फॉन्ट गेला की खाली नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर. त्यात प्रत्येक कंपनीचे खण वेगळे. पहिली वेलांटी डोळ्याला आधी दिसते म्हणून ती अक्षराच्या आधी साठवलेली, रफार नंतर. उलथापालथ करून लावावं लागतं. कुठला फॉन्ट होता आठवतं का?

तापीकाठची
दादा, हात थरथरत होता वाचताना. फॉन्टचं नाव आठवत नाही. पण कंप्युटरच्या मागे प्रिंटरच्या जागी एक छोटी ठोकळ्यासारखी वस्तू लावलेली असायची, ती काढली की मराठी चालायचंच नाही. आई ती रात्री काढून देव्हाऱ्याच्या खणात ठेवायची, उंदरानं नेली तर म्हणून.

जुना_फॉक्सप्रो
डोंगल, म्हणजे मराठीच्या सॉफ्टवेअरची किल्ली. बरोबर. ती आता लागणार नाही, नुसती फाइल वाचायला फॉन्ट ओळखता आला तरी पुरे.

जिभाऊ
नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, बोटानं फोनवर लिहितो आहे, चुका पोटात घाला. आमच्या शाळेत कंप्युटर आले तीन. वर्गात पोरं ५८. खोलीला कुलूप, किल्ली मोठ्या साहेबांकडे, दारात चपला काढायच्या, मशीनवर शिवलेले कापडी झाकण. पाहुणे आले की झाकण निघायचे. मी भांडून भांडून आठवड्याला एक तास मिळवला. एका तासात ५८ पोरं, प्रत्येकाला एक कळ दाबायला मिळायची. एक मुलगी पावरा आदिवासी समाजाची होती, तिची पाळी आली आणि लाइट गेली. पुढच्या आठवड्यात ती कापूस वेचायला गेली होती घरच्यांसोबत. तिला ती कळ दाबायला मिळालीच नाही. मला हे कोणाला सांगायचे होते बरेच वर्षे. ती तीन मशीनं पुढं तशीच जुनी झाली, वापरून नाही, झाकून झाकून. ताई, तुमच्या मातोश्रींसारख्या बाईंनी शिक्षिकेच्या पगारात घरी बसून हे काम केले, त्यांना माझा नमस्कार.

शहाद्याची_सून
जिभाऊ 🙏 काय लिहिलंत.

वरणबट्टी
जिभाऊ तुम्ही कुठले? माझे मामा पण तळोद्याकडे मास्तर होते.

जिभाऊ
धडगाव भागात होतो बेटा. आता नंदुरबारला मुलाकडे.

मुक्काम_पुणे
माउसच्या पोटातला गोळा कोणी सांगितला नाही अजून. खालची चकती फिरवून गोळा काढायचा, आत दोन रुळांवर काळी मळाची पट्टी जमलेली असायची ती नखानं खरवडायची. माझ्या काकांच्या दुकानात, अमळनेरला, ते माझं रोजचं काम होतं, त्याचा मला एक रुपया मिळायचा.

आणि डायल अपचा मोडेम. टीटी टूं टूं खर्रर्र चालू झालं की घरात कोणी फोन उचलायचा नाही असा नियम, आणि आत्याचा फोन बरोब्बर तेव्हाच. आम्ही दहावीचा रिझल्ट बघत होतो, पान अर्धं उतरलं, नाव आलं, आईचं नाव आलं, मराठीचे मार्क आले, आणि खालच्या मजल्यावर आजोबांनी फोन उचलला 'हॅलो कोण?' लाइन कट. परत लागायला पाऊण तास. तेवढ्यात शेजारचा पोरगा सायबर कॅफेतून प्रिंट घेऊन आला. आजोबा नंतर कित्येक वर्षं फोन उचलायच्या आधी विचारायचे, "तुझं काही चालू तर नाही ना बाळा?" घरी ब्रॉडबँड आल्यावरसुद्धा.

केळीबाग
जुना_फॉक्सप्रो भाऊ, पतसंस्थेचं काम तुम्हीच करायचे का? २००० साल लागलं की कंप्युटर तारखा चुकवतील म्हणायचे, त्याचं काय झालं होतं तेव्हा?

जुना_फॉक्सप्रो
हो, एका पतसंस्थेचं सगळं सॉफ्टवेअर फॉक्सप्रो या तेव्हाच्या डेटाबेसच्या भाषेत मीच लिहिलं होतं. त्रास १९९८ मधीच कळला. तीन वर्षांची ठेव ठेवायला एक बाबा आले, मुदत २००१. स्क्रीनवर वर्षाला दोनच आकडे, क्लार्कनं ०१ टाकलं, मशीननं १९०१ धरलं. व्याज वजामधी निघालं. बाबा घाबरले, मला वाटलं पैसे गेले म्हणाले. त्यांना बसवून पाणी दिलं, हातानं पावती लिहून दिली. आत फाइलमधी वर्ष पूर्ण चार आकडी साठवायची सोय आधीपासून होती, फक्त पडद्यावर मागताना आम्ही जागा वाचवायला दोन ठेवले होते. सेट सेंच्युरी ऑन, एक ओळ. पण ती केल्यावर तारखेचा खण दोन घरं रुंद होतो, मग प्रत्येक पावतीची, प्रत्येक लेजरची छपाई सरकते. प्रत्येक प्रोग्रॅम उघडून परत मांडणी. दीड वर्ष रात्री बसलो. ३१ डिसेंबर १९९९ ला पतसंस्थेतच झोपलो, शेवभाजी मागवली होती. सकाळी पहिली पावती बरोबर निघाली ती मी अजून ठेवली आहे.

भुसावळ_जंक्शन
जपान सरकारनं तर २०२४ मधी जाऊन फ्लॉपी बंद केली म्हणे सरकारी कामातून, म्हणजे आपण काही फार मागं नव्हतो.

गल्ली_नंबर_चार
कोणाकडे जुना काचेचा मॉनिटर पडलाय का? फोडून भंगारात देऊ नका, त्याच्या काचेत शिसं असतं. आमच्या गल्लीत पोरं तांब्यासाठी फोडायची, आता विचार केला की कसंतरी होतं.

जिनिंगवाला
माझ्याकडे दोन आहेत. गोलाणी मार्केटात विचारतो जळगावला कोणी घेतं का नीट.

तापीकाठची
आठवडा झाला, सांगायला आले. कानबाई छान झाली, रोट उरले नाहीत.

चाळीसगावला जाऊन आले. दादांनी आणि वहिनींनी दिवसभर ठेवून घेतलं, जेवू घातलं. पाच फ्लॉप्यांवर बुरशी होती, त्यातल्या दोन पुसून निघाल्या. एकूण अकरापैकी सात वाचल्या, दोन अर्ध्या, दोन गेल्या. गेलेल्यांत 'स्वयंपाक २' आहे. 'सासर' पूर्ण आहे. फॉन्ट तिसऱ्या प्रयत्नाला जुळला. आधी पडद्यावर नुसता कचरा, कंस, टक्के, इंग्रजी अक्षरं, आणि मग दादांनी एक बटण दाबलं आणि वरून खाली ओळी मराठी होत गेल्या. धल्ला, धल्ली. आंडोर. 'आंडेर' या शब्दापुढे आईनं लिहिलं होतं, मुलगी. वापर: मनी आंडेर शिरपूरले शिकस. ती मी. तेव्हा मी बारावीला होते.

मला पुढचं वाचता नाही आलं, वहिनींनी वाचून दाखवलं.

शहाद्याची_सून
ताई 😭

जिभाऊ
देव आहे.

जुना_फॉक्सप्रो
एक काम बाकी आहे सगळ्यांसाठी. बदलताना 'ऱ्य' 'ऱ्ह' सगळे बिघडलेत, 'पोऱ्या' चा 'पोर्या' झालाय, वेलांट्या काही ठिकाणी शेजारच्या अक्षरावर गेल्यात. मशीनला अहिराणी येत नाही, ज्याला बोली येते त्यानंच डोळ्याखालून घालायला पाहिजे. तीन हजारावर शब्द आहेत. ताईंची परवानगी असेल तर वाटून घेऊ.

तापीकाठची
परवानगी काय दादा, आईनं नाचून घेतलं असतं.

जिनिंगवाला
'शेत व अवजारे' मला द्या. औताचे भाग वडिलांना विचारतो, ते अजून सांगतात.

जिभाऊ
मी 'नाती' घेतो. कागदावर छापून पाठवाल तर बरे, फोनवर दिसत नाही नीट.

जिनिंगवाला
जिभाऊ मी काट्यावरच्या प्रिंटरवर काढून पाठवतो, मोठ्या अक्षरात. मराठी त्याच्यावर सावकाश निघते, पण निघते.

गल्ली_नंबर_चार
मला शिव्यांची फाइल द्या, आजी मदत करेल, तिला धुळ्याच्या सगळ्या येतात.

वरणबट्टी
'स्वयंपाक २' गेली ना ताई? माझी आई न् मावशी बसतील, मांडे, बिबडे, डुबुकवडे, फौजदारी डाळ, जे जे आठवेल ते सांगतील. तुमच्या आईंचे शब्द नसतील ते, पण खण रिकामा नको राहायला.

तापीकाठची
वरणबट्टी, मावशींना विचार ना, खापर तापलं की नाही हे बघायला जे पाण्याचे थेंब टाकतात त्याला आई काहीतरी वेगळाच शब्द म्हणायची. जिभेवर आहे आणि येत नाहीये.

वरणबट्टी
आत्ता विचारते, थांबा.